बुडबुड्याला कवच मिळाले तेव्हा

दवाखान्यात सुई देण्याआधी सिस्टर सिरिंज उभी धरतात, तिच्यावर बोटाने दोन टिचक्या मारतात आणि औषधाचा एक थेंब सुईच्या टोकाशी आणतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. असे का करतात म्हणून विचारले, तर आपल्या वऱ्हाडातली एखादी आजीही सांगेल, "नसीत हवा नाही गेली पाह्यजे, बाप्पा." आजीचे म्हणणे बरोबर आहे. रक्तवाहिनीत हवेचा मोठा बुडबुडा शिरला, तर तो रक्ताची वाट अडवू शकतो आणि माणूस दगावू शकतो.

आणि तरीही, वाचकहो, आज जगातल्या पुष्कळ रुग्णालयांत डॉक्टर रोग्याच्या शिरेत जाणूनबुजून कोट्यवधी बुडबुडे सोडतात. त्या बुडबुड्यांच्या मदतीने ते सोनोग्राफीच्या पडद्यावर हृदय पाहतात, यकृतातली गाठ पाहतात, आणि पाव तासाच्या आत त्या बुडबुड्यांतला वायू रोग्याच्या श्वासावाटे बाहेर निघून गेलेला असतो. हे कसे जमले, कोणी जमवले, आणि अमरावती-अकोल्याच्या माणसाचा या गोष्टीशी काय संबंध, ते आज आपण पाहू.

आपल्याकडे कीर्तनकार बुवा देहाच्या क्षणभंगुरपणाला पाण्यावरच्या बुडबुड्याची उपमा देतात. दिसला न दिसला तोच फुटला. शास्त्राच्या दृष्टीनेही ही उपमा अगदी अचूक आहे. आपल्या आजच्या इतिहासातली सारी अडचण तीच होती. बुडबुड्याचा उपयोग १९६८ साली ध्यानात आला. तो टिकवायचा कसा, हे कळायला मात्र त्यानंतर पंचवीस-तीस वर्षे लागली.

आधी सोनोग्राफी म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. ते समजायला गावची विहीर पुरे. विहिरीच्या काठावर उभे राहून हाक मारली, की हाक पाण्यावर आपटून परत येते. ती किती वेळाने आली हे मोजता आले, तर पाणी किती खोल आहे याचा हिशेब मांडता येतो. त्यासाठी ध्वनीचा वेग माहीत हवा. पाण्यातला ध्वनीचा वेग १८२६ साली कोलाडों या शास्त्रज्ञाने जिनिव्हाच्या सरोवरात मोजला. एका नावेवरून पाण्याखालची घंटा वाजवायची, त्याच क्षणी दारूचा भडका उडवायचा, आणि दूरच्या नावेवर भडका दिसल्यापासून घंटा ऐकू येईपर्यंतचा वेळ मोजायचा, अशी त्याची रीत होती. उत्तर आले सेकंदाला १,४३५ मीटर. हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त. आपल्या देहात पाण्याचाच अंश मोठा असल्यामुळे देहातला वेगही त्याच्या जवळपास, सरासरी १,५४० मीटर, येतो.

पण देहात हाक मारायची तर ती फार बारीक हवी. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. सोनोग्राफीत पोट तपासताना साधारण २० ते ५० लाख कंपनांचा ध्वनी वापरतात. असा ध्वनी निर्माण करण्याची किल्ली १८८० साली पॅरिसमध्ये क्युरी बंधूंना सापडली. काही स्फटिक दाबले की त्यांच्यावर वीज येते, असे त्यांनी दाखवले, आणि उलट विजेने ते स्फटिक थरथरतात, हेही लवकरच सिद्ध झाले. पहिल्या महायुद्धात लांजव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने तोच गुण वापरून समुद्रातील पाणबुड्यांचा ठाव घेण्याचे तंत्र उभारले. पुढे कारखान्यांत लोखंडाच्या ओतीव कामातली भेग शोधायला हे यंत्र कामी आले, आणि कारखान्यातून ते दवाखान्यात शिरले.

१९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे एडलर हे डॉक्टर आणि हर्ट्झ हे पदार्थवैज्ञानिक यांनी मिळून धडधडत्या हृदयाचे प्रतिध्वनी टिपले. हे हर्ट्झ म्हणजे, ज्यांच्या नावाने रेडिओची कंपने मोजली जातात त्या हाइनरिश हर्ट्झ यांच्या पुतण्याचे चिरंजीव. आपण रेडिओवर 'किलोहर्ट्झ' हा शब्द ऐकतो, तेच हे घराणे. १९५८ साली ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी पोटातल्या गाठींची आणि गर्भाची ध्वनिचित्रे प्रसिद्ध केली, आणि आज जिला आपण सोनोग्राफी म्हणतो ती जगाला माहीत झाली.

या यंत्राची एक मर्यादा सुरुवातीपासून होती. प्रतिध्वनी येतो तो दोन वेगळे पदार्थ जिथे भेटतात तिथून. हृदयाची भिंत आणि तिच्या आतले रक्त यांच्या सीमेवरून ध्वनी परततो, म्हणून भिंत दिसते. रक्तातल्या रक्तात मात्र फारसा फरक नाही, म्हणून रक्त पडद्यावर काळेच दिसते. त्यामुळे रक्त कुठून आले, कुठे गेले, यकृतातल्या एखाद्या गाठीला रक्त पोचते की नाही, हे साध्या पडद्यावर नीट उमगत नसे. क्ष-किरणांच्या तपासणीत डॉक्टर शिरेत आयोडीनयुक्त औषध सोडतात आणि रक्तवाहिन्या ठळक करून घेतात. ध्वनीसाठी असे औषध कोणाजवळ नव्हते.

ते सापडले, पण कोणी शोधायला गेले म्हणून नव्हे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टर नावाचे शहर आहे. तेथील विद्यापीठात रेमंड ग्रॅमियाक आणि प्रवीण शहा हे दोघे हृदयाचे प्रतिध्वनी अभ्यासत होते. शहा हे नाव आपल्याच देशातले आहे, हे तुमच्या लक्षात आलेच असेल. हृदयातून किती रक्त वाहते हे मोजण्यासाठी त्या काळी रोग्याच्या हृदयापर्यंत एक बारीक नळी नेऊन तीतून हिरवा रंग सोडीत. रंग सोडला, की काळ्या पडद्यावर क्षणभर दाट पांढरा ढग उठे आणि विरून जाई. रंग तर साधा द्रव. मग हा ढग कसला? यंत्राचा दोष म्हणून तो सोडून देणे सोपे होते. या दोघांनी त्याचाच पाठपुरावा केला, आणि महाधमनीच्या मुळाशी रक्त कोठे आहे हे ओळखण्यासाठी त्या ढगाचा उपयोग करून १९६८ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. ढगाचे कारण पुढे स्पष्ट झाले. द्रव जोराने सोडताना त्याच्याबरोबर हवेचे अतिसूक्ष्म बुडबुडे जात होते, आणि पडद्यावर चमकत होते ते बुडबुडेच. याच रॉचेस्टरमध्ये काम केलेले भारतीय वंशाचे हृदयतज्ज्ञ नवीन नंदा यांनीही पुढे या शाखेच्या वाढीला मोठा हातभार लावला.

बुडबुडा इतका का चमकतो? एक कारण साधे आहे. द्रव आणि वायू यांच्यात इतका फरक असतो, की ध्वनी त्यांच्या सीमेवरून जवळजवळ सगळाच परततो. सोनोग्राफी करताना डॉक्टर पोटावर थंडगार चिकट जेल लावतात ते याच कारणाने. यंत्र आणि कातडी यांच्यामध्ये हवा राहिली तर ध्वनी आत शिरणारच नाही. जी हवा पोटाच्या वर नको, तीच रक्ताच्या आत कामाला आली.

दुसरे कारण अधिक मनोरंजक आहे. बुडबुडा वाजतो. माठात पाणी ओतताना जो बुडबुड असा आवाज येतो, तो बहुतांशी पाण्यात कोंडलेल्या हवेच्या बुडबुड्यांचा असतो. मिनार्ट या डच शास्त्रज्ञाने १९३३ साली याचे गणित मांडले. बुडबुडा जितका लहान, तितका त्याचा स्वर उंच. ३ मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा पाण्यात सेकंदाला सुमारे १,००० कंपने करतो. त्याच गणिताने बुडबुडा लहान लहान करीत नेला, तर सुमारे ३ मायक्रॉन व्यासाच्या बुडबुड्याचा स्वर सेकंदाला २० लाख कंपनांच्या घरात जातो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आता योगायोग पाहा. आपल्या रक्तातील तांबडी पेशी सात ते आठ मायक्रॉनांची असते. म्हणजे जो बुडबुडा तांबड्या पेशीबरोबर बारीकातल्या बारीक वाहिनीतून सुखाने जाऊ शकेल, नेमका त्याचाच स्वर सोनोग्राफीच्या ध्वनीशी जुळतो. झोक्याला त्याच्या लयीत ढकलले की तो उंच जातो, तसा हा बुडबुडा त्या ध्वनीने जोरात फुगतो आणि आकसतो.

गाण्याची आवड असलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट सांगतो. बुडबुडा फुगतो मोकळेपणी, पण आकसताना अडतो. त्यामुळे त्याचे उत्तर आलेल्या स्वरातच राहत नाही, त्यात दुप्पट कंपनांचा स्वरही मिसळतो. तुम्ही मध्य षड्ज लावलात तर तो तार षड्जही ऐकवतो. देहाचे मांस असे उत्तर फारच क्षीण देते. १९९० नंतरच्या दशकात यंत्रे हा वरचा स्वर निवडून ऐकू लागली, तेव्हा बुडबुडे आणि मांस पडद्यावर वेगळे काढता येऊ लागले.

द्रवातल्या ध्वनीचा हा अभ्यास आपल्या भागाला परका नाही, हे शिक्षकबंधूंनी मुलांना जरूर सांगावे. अमरावतीचे विदर्भ महाविद्यालय १९२३ मध्ये किंग एडवर्ड कॉलेज म्हणून सुरू झाले. अमरावती विद्यापीठ १९८३ मध्ये स्थापन झाले. या परिसरातील महाविद्यालयांत पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्राचे अभ्यासक इंटरफेरोमीटर नावाच्या छोट्या उपकरणाने निरनिराळ्या द्रवांतला ध्वनीचा वेग मोजत आले आहेत, आणि त्यासाठी नेहमी वापरला जाणारा ध्वनी सेकंदाला २० लाख कंपनांचा, म्हणजे डॉक्टरांच्याच पट्टीतला असतो. त्या उपकरणाच्या पेल्यात हवेचा एखादा बुडबुडा अडकला की माप बिघडते, हे तिथल्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी शिकवतात. बुडबुडा ध्वनीला किती उलथापालथ करतो, हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

आता मूळ अडचणीकडे येऊ. १९६८ नंतर डॉक्टरांनी मिठाच्या पाण्यात थोडी हवा घालून ते दोन सिरिंजांमध्ये इकडून तिकडे घुसळायला आणि शिरेत सोडायला सुरुवात केली. ताक घुसळल्यावर फेस यावा तसे बारीक बुडबुडे त्यात होतात. पण ते हृदयाच्या उजव्या बाजूपर्यंतच दिसत. तेथून रक्त फुप्फुसात जाते, आणि फुप्फुसातल्या केशवाहिन्या म्हणजे बारीक चाळणी. मोठे बुडबुडे त्या चाळणीत अडकतात आणि श्वासावाटे जातात. लहान बुडबुडे पलीकडे पोचण्याआधीच विरून जातात. डाव्या बाजूला, आणि तेथून यकृत-मूत्रपिंडापर्यंत, काहीच पोचत नसे.

डॉक्टरांनी या उणिवेचाही उपयोग करून घेतला. चाळणीतून काही जात नाही ना? मग डाव्या बाजूला बुडबुडे दिसलेच, तर उजव्या-डाव्यामध्ये कुठेतरी भोक आहे, असा अर्थ होतो. हृदयाच्या पडद्यातले जन्मजात छिद्र ओळखण्याची ही युक्ती आजही जगभर चालते. तिला लागते काय? मिठाचे निर्जंतुक पाणी, दोन सिरिंज, एक तोटी, हृदयाची सोनोग्राफी करणारे यंत्र आणि जाणता डॉक्टर. महागडे औषध लागत नाही, म्हणून ही तपासणी लहान शहरांच्याही आवाक्यात आहे.

लहान बुडबुडा लवकर का विरतो, हे समजून घेतले पाहिजे. पाण्याच्या पृष्ठभागाला ताण असतो. तो ताणलेल्या रबरासारखा बुडबुड्याला आवळतो. बुडबुडा जितका लहान, तितके आवळणे जास्त. ३ मायक्रॉन व्यासाच्या बुडबुड्याच्या आत बाहेरच्यापेक्षा सुमारे एका वातावरणाचा दाब अधिक असतो. म्हणजे दहा मीटर पाण्याच्या तळाशी जो जादा दाब असतो, तेवढा. या दाबाने आतली हवा भोवतालच्या द्रवात विरघळते, बुडबुडा आणखी लहान होतो, दाब आणखी वाढतो, आणि क्षणात सारे संपते. एप्स्टाइन आणि प्लेसेट यांनी या विरघळण्याचे गणित १९५० सालीच करून ठेवले होते. म्हणजे गरजा तीन होत्या. बुडबुडा तांबड्या पेशीपेक्षा लहान हवा. त्याच्या भिंतीवरचा ताण कमी हवा. आणि आतला वायू रक्तात सहज न विरघळणारा हवा.

१९८४ साली स्टीव्हन फाइनस्टाइन यांनी पहिल्या दोन गरजांवर एक उपाय प्रसिद्ध केला. अंड्याचा पांढरा बलक फेटला की हवा त्यात अडकून राहते, हे घरोघर माहीत आहे. बलकातल्या प्रथिनाच्या जातीचेच अल्ब्युमिन नावाचे प्रथिन माणसाच्या रक्तात असते. फाइनस्टाइन यांनी अशा द्रावणांवर तीव्र ध्वनीचा मारा केला. ध्वनीने द्रव फेटला गेला, अतिसूक्ष्म बुडबुडे झाले आणि प्रथिनाचा पातळ थर त्यांच्याभोवती बसला. ज्या ध्वनीने बुडबुडे पाहायचे, त्याच जातीच्या ध्वनीने ते घडवले गेले. बुडबुड्याला कवच मिळाले. त्यातून तयार झालेल्या अल्बुनेक्स या औषधाला अमेरिकेच्या सरकारने १९९४ मध्ये मान्यता दिली.

जर्मनीत शेरिंग कंपनीने दुसरी वाट धरली. दुधाच्या साखरेतला गॅलॅक्टोज नावाचा भाग घेऊन त्याच्या बारीक कणांवर हवा धरून ठेवायची. एकोविस्ट हे त्यांचे औषध १९९१ मध्ये आले. त्यात पामिटिक आम्ल या स्निग्ध पदार्थाची किंचित भर घालून लेव्होविस्ट तयार झाले. त्याचे बुडबुडे फुप्फुस ओलांडून जाऊ लागले. तरी या सर्वांच्या आत हवाच होती, आणि हवा रक्तात विरघळतेच.

तिसरी गरज भागवली जड वायूंनी. १९९७च्या अखेरीस मान्यता मिळालेल्या ऑप्टिसनमध्ये अल्ब्युमिनच्या कवचात फ्लोरिनयुक्त वायू होता. २००१ मध्ये अमेरिकेत डेफिनिटी आणि युरोपात सोनोव्ह्यू ही औषधे आली. यांचे कवच फॉस्फोलिपिड या स्निग्ध पदार्थाचे असते. आपल्या प्रत्येक पेशीचे आवरण याच जातीच्या पदार्थाचे आहे, आणि फुप्फुसातले वायुकोश आतून मिटू नयेत म्हणून निसर्गाने त्यांनाही याचाच लेप दिला आहे. सोनोव्ह्यूमधला वायू सल्फर हेक्झाफ्लोराइड. मोठ्या वीजउपकेंद्रांतील ब्रेकरमध्ये ठिणगी विझवायला वापरतात तो हाच. तो देहात कशाशी संयोग पावत नाही आणि पाण्यात फारच थोडा विरघळतो, म्हणून बुडबुडा काही मिनिटे तग धरतो.

आता आजीच्या शंकेचे उत्तर देता येईल. या बुडबुड्यांचा सरासरी व्यास सुमारे अडीच मायक्रॉन असतो. एक मिलिलिटर औषधात दहा ते पन्नास कोटी बुडबुडे असतात, पण त्यांच्यातला सगळा वायू मिळून भरतो अवघा ८ मायक्रोलिटर. यकृताच्या तपासणीला साधारण २.४ मिलिलिटर औषध लागते. म्हणजे शिरेत गेलेला एकूण वायू पाण्याच्या अर्ध्या थेंबाहूनही कमी. धोका असतो तो वाट अडवणाऱ्या मोठ्या बुडबुड्याचा. हे तर तांबड्या पेशीच्या मागे तिच्याच वाटेने जातात. पहिल्या दोन मिनिटांत ऐंशी टक्क्यांहून अधिक वायू उच्छ्वासातून निघून जातो, आणि पंधरा मिनिटांत जवळजवळ सगळा.

म्हणून हे औषध सर्वस्वी निर्धोक आहे, असे मात्र समजू नका. ऑक्टोबर २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, काही रोग्यांना हे औषध दिल्यानंतर मृत्यू आणि गंभीर त्रास झाल्याच्या नोंदी पाहून, औषधाच्या वेष्टनावर कडक इशारा छापायला लावला. २००८ मध्ये माहिती पुन्हा तपासून काही बंधने सैल केली गेली. पुढे मोठ्या संख्येने रोग्यांचा अभ्यास झाला, तेव्हा औषध दिलेल्यांत मृत्यूचे प्रमाण अधिक असल्याचे आढळले नाही. क्वचित एखाद्याला तीव्र ॲलर्जी होते, म्हणून तपासणीच्या जागी तातडीचे उपचार तयार ठेवावे लागतात. २०१६ मध्ये त्याच प्रशासनाने सोनोव्ह्यूलाच, तिकडच्या ल्युमेसन या नावाने, मोठ्यांच्या आणि लहान मुलांच्याही यकृताच्या तपासणीसाठी मान्यता दिली.

यकृतात हे औषध काय दाखवते, ते शेतकऱ्याला सांगणे सोपे आहे. पाटाला पाणी सोडले की कोणत्या वाफ्यात ते आधी पोचते, कुठे तुंबते आणि कुठून लवकर ओसरते, हे पाहून आपण जमिनीचा उतार ओळखतो. यकृताला रक्त दोन वाटांनी येते, रोहिणीतून आणि आतड्याकडून येणाऱ्या मोठ्या नीलेतून. कर्करोगाची गाठ बहुधा रोहिणीच्या रक्तावर पोसते. म्हणून अशी गाठ पुष्कळदा पहिल्या अर्ध्या मिनिटात उजळते आणि भोवतालच्या यकृताच्या आधी काळवंडते. साध्या गाठी बहुधा उजळलेल्याच राहतात. बुडबुडे रक्तवाहिनीच्या बाहेर झिरपत नाहीत, त्यामुळे दिसते ते केवळ रक्ताचे वाहणे, आणि तेही त्याच क्षणी, डोळ्यांसमोर.

आता वऱ्हाडापुरती गोष्ट. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरला आहे. त्याचा विस्तार साडेचार हजार चौरस किलोमीटरांहून अधिक आहे. दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या बाजूच्या माणसांना त्याचे वर्णन काय सांगायचे! विहिरीचे पाणी इतके खारट आणि जड, की त्यात डाळ शिजत नाही. या पट्ट्यातल्या गावांतून मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रार वर्षानुवर्षे ऐकू येते. नळयोजनांचे गोड पाणी पुष्कळ गावांना पोचले आहे, पण ज्यांची मूत्रपिंडे आधीच अधू झाली आहेत, त्यांचा प्रश्न त्याने सुटत नाही.

अशा रोग्याच्या यकृतात गाठ आढळली, तर पुढची तपासणी कोणती करायची? सी.टी. स्कॅनमध्ये वापरायचे आयोडीनयुक्त औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. मूत्रपिंड फार दुबळे असेल तर डॉक्टर ते जपून देतात किंवा टाळतात. एम.आर.आय.मध्ये वापरल्या जाणाऱ्या गॅडोलिनियमच्या काही औषधांचा, अतिशय दुबळ्या मूत्रपिंडाच्या रोग्यांना होणाऱ्या एका कठीण त्वचारोगाशी संबंध २००६ मध्ये उघड झाला, आणि तेव्हापासून तीही जपून दिली जातात. बुडबुड्यांच्या औषधातला वायू मात्र मूत्रपिंडाच्या वाटेला जातच नाही. तो फुप्फुसातून जातो. खारपाणपट्ट्यातल्या माणसासाठी हा फरक जिवाभावाचा आहे.

याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ध्वनी हाडातून आणि आतड्यातल्या वायूतून पलीकडे जात नाही. फार स्थूल माणसाची तपासणी अवघड होते. सगळे पोट एका दमात पाहून होत नाही. जी गाठ आधी ठरवली तीच नीट पाहता येते. औषध महाग आहे, त्यासाठी यंत्रात तशी सोय लागते आणि डॉक्टरला खास सराव लागतो. आपल्या देशात ही तपासणी मुख्यतः मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत होते. म्हणून गावच्या माणसाने निदान एवढे करावे. अशी तपासणी करायची वेळ आली, तर मूत्रपिंडाचे जुने रिपोर्ट बरोबर न्यावेत आणि डॉक्टरांना स्पष्ट विचारावे, "माझी किडनी कमजोर आहे. हे औषध मला चालेल का? नसल्यास दुसरा मार्ग कोणता?" असे विचारण्यात कोणाचा अपमान होत नाही. चांगल्या डॉक्टरला हा प्रश्न हवाच असतो.

सोनोग्राफीबद्दल आपल्या समाजाच्या मनात एक काळी आठवणही आहे, ती झाकून चालणार नाही. ज्या यंत्राने आईचा जीव वाचवायचा, त्याच यंत्राचा उपयोग मुलगी नको म्हणून झाला. त्याविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. केंद्राचा कायदा १९९४ चा, आणि २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. दवाखान्याच्या भिंतीवरची 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही पाटी त्या कायद्याची आहे. बुडबुड्यांचे औषध गरोदरपणातल्या नेहमीच्या तपासणीत वापरत नाहीत, हेही येथेच सांगून ठेवतो, म्हणजे उगाच गैरसमज व्हायला नको.

शिक्षकांसाठी शेवटी एक प्रयोग देतो. त्याला पैसा लागत नाही. स्टीलचा एक उंच पेला घ्या. त्यात गरम पाणी घाला आणि चमच्याने पेल्याच्या बुडावर टकटक करीत त्याचा स्वर मुलांना ऐकवा. मग चमचाभर दुधाची पावडर टाकून भराभर ढवळा आणि लगेच पुन्हा टकटक सुरू करा. स्वर एकदम खाली उतरलेला ऐकू येईल. पावडरीबरोबर आत गेलेले हवेचे बारीक बुडबुडे जसजसे वर येऊन निघून जातील, तसतसा स्वर चढत चढत पूर्ववत होईल. बुडबुड्यांमुळे पाण्यातला ध्वनीचा वेग मंदावतो, त्याचा हा खेळ आहे. मूठभर हवेचे एवढेसे बुडबुडे पेलाभर पाण्याचा आवाज बदलून टाकतात, हे मुलांनी कानांनी ऐकले, की रॉचेस्टरच्या पडद्यावर उठलेला तो पांढरा ढग त्यांना समजावून सांगायला दुसरे साधन लागणार नाही. आणि ती मुले घरी जाऊन आजीला सांगतील, की मोठ्या बुडबुड्याला भ्यावे हे तिचे बरोबरच आहे, पण तांबड्या पेशीहून लहान, कवच घातलेला बुडबुडा डॉक्टरांच्या हाती औषधासारखा वागतो.